यशोधराबाईंची उशिराची चिलटं

मंचरजवळच्या आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा आणि शिक्षकांची खोली यांच्यात एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला वरच्या अंगाला एक झरोका होता. पंचाण्णव सालच्या पावसाळ्यात त्या झरोक्यातून आमच्याकडे चिलटं यायला लागली. चहाच्या कपात चिलट, डब्यातल्या भाजीवर चिलट, मी तपासत असलेल्या निबंधांवर चिलट. मी मराठी शिकवायचो. शेवटी मी उठलो आणि शेजारी तक्रार करायला गेलो.

यशोधराबाई वाव्हळ नुकत्याच रुजू झाल्या होत्या. मूळच्या जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकच्या. वडील जयवंत गवंडीकाम करायचे, आई कोंडाबाई लोकांच्या कांद्यात खुरपायला जायची. बाईंनी पुण्याला राहून एम.एस्सी. केलं आणि नोकरी मात्र हट्टानं गावाकडची घेतली. नवरा रुपेश एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता, दोघं मंचरला भाड्यानं राहायचे.

"बाई, तुमच्या माश्या आमच्या चहात पडतायत," मी म्हणालो.

त्यांनी टेबलावरची बाटली उजेडाकडे धरली. सलाइनची रिकामी काचेची बाटली, तोंडाला कापसाचा बोळा, तळाशी गूळ-रव्याची खीर आळून बसलेली आणि त्यावर हालणारे तांबूस ठिपके.

"भोर सर, माझी चिलटं ही अशी आत असतात. तुमच्याकडं येतात ती बाहेरची. कुणाच्या तरी डब्यात पिकलेलं केळं असणार."

केळं माझ्याच डब्यात होतं. मी ते आणून त्यांच्यासमोर ठेवलं, आणि त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

चिलटं कशाला पाळायची, हे त्यांनी मला तेव्हाच सांगितलं. आमच्याकडची पोरं आनुवंशिकता फळ्यावर शिकायची. आई-बापाचे गुण मुलांत कसे उतरतात याचे चौकोन काढायचे, परीक्षेत लिहायचे आणि विसरून जायचे. बाईंना वाटायचं की त्यांनी ते डोळ्यांनी पाहावं. चिलटांची पिढी पंधरवड्याच्या आत तयार होते. लाल डोळ्यांच्या आणि पांढऱ्या डोळ्यांच्या माश्या एकत्र ठेवल्या की पुढच्या पिढीत काय होतं ते पोरांना भिंगातून दिसतं. खर्च म्हणाल तर गूळ, रवा, चिमूटभर यीस्ट.

गावाला मात्र हे काही पटेना. निरगुडसरचे भिमाजी टाव्हरे कॉलेजच्या स्थानिक समितीवर होते. टोमॅटोचे मोठे बागायतदार, आवाज दांडगा. एकदा बैठकीला आले आणि प्रयोगशाळेच्या दारातच थबकले.

"मॅडम, मी ऐकलं ते खरं हाय का? आमी ह्या चिलटांपायी डोकं धरून बसतो. माल जरा पिकला की ही हजर. आन् तुमी त्यास्नी गूळ चारताय?"

"चारते की," बाई म्हणाल्या. "या ना भाऊ, बघा. यातली एक तरी तुमच्या रानात गेली तर मला सांगा."

भिमाजींनी भिंगाला डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. मग म्हणाले, "अरं तिच्यायला, हिला तर मिशा हायेत!"

"मिशा नाहीत, पाठीवरचे केस आहेत."

"लई देखणी हाय की वो!"

गावात मात्र नाव पडलंच. चिलटाच्या बाई. त्या रस्त्यानं निघाल्या की पारावरची माणसं हसायची. बाई त्यांच्याकडे बघून हात हलवायच्या.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका दुपारी त्यांनी मला झरोक्यातून हाक मारली. मी गेलो तर टेबलावर पांढऱ्या कागदावर ईथरनं गुंगलेल्या माश्या दोन ढिगांत मांडलेल्या.

"हा ढीग परवा निघालेल्यांचा. हा आजचा. बघा."

मला दोन्ही सारख्याच दिसल्या. त्यांनी भिंग नीट करून दिलं. "पाठीवरचे केस बघा."

परवाच्या माश्यांच्या पाठीवर काळे, लांब, ठसठशीत केस होते. आजच्यांचे केस आखूड आणि इतके बारीक, की श्वास लागला तर गळून पडतील असं वाटावं.

"उपाशी राहिल्या असतील," मी माझ्या परीनं शहाणपणा केला. "नाहीतर थंडी."

"मीही तेच म्हटलं होतं. पण सर, दोन्ही एकाच बाटलीतल्या आहेत. एकच आई-बाप, एकच खाणं, एकच थंडी. तरी काही वेळेवर येतात आणि काही दीड-दोन दिवस मागं राहतात. आणि मागं राहणाऱ्या सगळ्यांचेच केस बारीक. गेल्या पिढीतही असंच होतं."

पुढचे काही महिने त्यांना दुसरं काही सुचलं नाही. उशिराची माशी आणि साधी माशी एकत्र ठेवली, तर पिल्लांत निम्मी वेळेवर, निम्मी उशिरा. उशिराची आणि उशिराची एकत्र ठेवली, तर सगळी उशिराची व्हायला हवीत असं मला वाटलं. तशी ती कधीच झाली नाहीत. दर वेळी तिनांत दोन उशिराची, एक साधी. शिवाय बरीच अंडी वायाच जायची.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"प्रत्येक माशीकडे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईची, एक बापाची. इथं एक प्रत बिघडली की माशी उशिरा येते. दोन्ही बिघडल्या की अंड्यातच मरते." बोलता बोलता त्यांचा आवाज चढला होता. "सर, असल्या माश्या फार पूर्वीपासून माहीत आहेत. परदेशात सत्तर वर्षांपूर्वी सापडल्यात. वेगवेगळ्या जनुकांमुळे असं होतं, पण लक्षणं हीच. उशीर आणि बारीक केस. आता त्यातल्या काहींचं कारण कळलंय. रायबोसोमची प्रथिनं."

मी मराठीचा माणूस. त्यांनी मला जसं समजावलं तसंच इथं सांगतो. शरीरातली प्रत्येक पेशी सतत प्रथिनं बनवत असते. ती बनवणारी यंत्रं म्हणजे रायबोसोम, एकेका पेशीत लाखो. आणि हे यंत्र स्वतःही आरएनए नावाच्या लांब साखळ्यांचं आणि ऐंशीएक निरनिराळ्या प्रथिनांचं बनलेलं असतं. या प्रथिनांपैकी एखाद्याची एक प्रत बिघडली, तर ते प्रथिन कमी पडतं. मग बाकीचे सगळे भाग हजर असूनही नवी यंत्रं पुरेशी जुळत नाहीत. पेशी मरत नाही, पण तिचं काम रेंगाळतं. अळी सावकाश वाढते. आणि माशीच्या पाठीवरचा एकेक केस एकेकट्या पेशीनं थोड्या वेळात भराभर बनवायचा असतो. त्याला प्रथिन लागतं भरपूर. तिथं ही टंचाई सगळ्यांत आधी दिसते.

"तर तुमच्या चिलटात ऐंशीतलं कुठलं?"

"तेच शोधायचंय."

ते आमच्या प्रयोगशाळेत शोधता येणारं नव्हतं. बाई पुण्याला एका संशोधन संस्थेत गेल्या आणि डॉ. प्राची कानडे यांना भेटल्या. प्राचीबाई वयानं थोड्या मोठ्या, बोलायला तुटक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं, "असं सांगणारे माझ्याकडे वर्षातून पाच येतात. बहुतेकदा बाटलीत गर्दी झालेली असते. तुम्ही वंशाची ही ओळ वर्षभर टिकवून दाखवा. टिकली तर माझ्याकडे पीएच.डी.ला नाव घाला."

परत येताना बाई एसटीत गाणं गुणगुणत होत्या, असं सोबत गेलेल्या रुपेशनं मला सांगितलं.

टिकवणं सोपं नव्हतं. एक तर साध्या माश्या दणकट. त्यांना आणि उशिराच्यांना एका बाटलीत सोडून दिलं की चार-दोन पिढ्यांत उशिराच्या नावालाही उरत नाहीत. दर पिढीला निवड करावीच लागते. दुसरं म्हणजे उन्हाळा. एप्रिलमध्ये प्रयोगशाळा भट्टीसारखी व्हायची, वीज दुपारभर गायब, आणि माश्यांना तीसच्या वरचं तापमान सोसत नाही.

उन्हाळ्यावर उपाय भिमाजींनी काढला. टोमॅटो ठेवायला त्यांनी शेतावर विटांचा हौद बांधला होता. दुहेरी भिंत, मधे वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वर ओल्या पोत्याचं झाकण. वीज लागत नाही आणि आत गारवा. तसाच लहान हौद त्यांनी कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात स्वतः उभं राहून बांधून घेतला.

"मिशावाल्या मरायला नकोत," म्हणाले.

वर्ष गेलं, ओळ टिकली, नाव नोंदवलं गेलं. प्राचीबाईंनी सांगितलं, "दिवाळीनंतर माश्या घेऊन या, मग शोधायला लागू." पण त्याच्या आधी नव्व्याण्णवचा मे महिना आला.

सुट्टीत बाईंना तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला जावं लागलं. हौदातल्या बाटल्यांना पाणी-खाणं बघायला कॉलेजचा शिपाई कुंडलिक होता. सावधगिरी म्हणून दोन बाटल्या त्या बोरीला आईकडे ठेवून आल्या. रुपेशनं परसात विटा रचून आणि वाळू भरून तसाच हौद करून दिला. कोंडाबाईला त्यांनी बाटली बदलायला शिकवलं, म्हणजे जुन्या बाटलीतल्या माश्या नव्या खिरीच्या बाटलीत कशा झटकायच्या ते. "फक्त जगती ठेव, आई. बाकी मी आल्यावर बघीन."

सुट्टीत कॉलेजच्या इमारतीत वाळवी निघाली. ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी खोल्याखोल्यांतून, व्हरांड्यातून औषध फवारलं. कुंडलिक त्या दिवशी मेहुणीच्या लग्नाला गेला होता. बाटल्या हौदात आहेत हे ठेकेदाराच्या माणसांना कोण सांगणार? त्यांनी हौदातही पंप मारला.

बाई परतल्या त्या दिवशी मी कॉलेजात होतो. त्यांनी पोतं उचललं, एक बाटली वर काढली, दुसरी काढली. सगळ्या माश्या खिरीवर चिकटून पडलेल्या. दोन वर्षांची निवड, उन्हाळे, सगळं.

कुंडलिक समोर उभा राहून हात चोळत होता. "बाई, मी व्हतो न्हाई हो..."

"तुमचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, बोरीच्या बाटल्या जिवंत असतील. पण आईला मी निवड शिकवलीच नाही. तीन आठवडे झाले. दोन पिढ्या. त्यात साध्यांनी सगळं व्यापलं असणार. उशिराच्या दोन-चार जरी हाती लागल्या तरी..."

आम्ही तडक निघालो. रुपेशनं मोटारसायकलवर त्यांना घेतलं आणि मी माझ्या स्कूटरवर मागोमाग. नारायणगाव मागे टाकून बोरीला पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती.

कोंडाबाई परसात भांडी घासत होती. बारीक चणीची, साठीची बाई, हिरवं नऊवारी खोचलेलं. लेकीचा चेहरा बघून ती हात धुऊनच उठली.

"काय झालं गं?"

"आई, चिलटं कुठायत?"

"आगं, आसतील कुठं? जागंवर हायती की."

बाईंनी बाटल्या काढल्या. दोन ठेवल्या होत्या, हौदात पाच निघाल्या. त्यांनी एक उजेडात धरली. मग दुसरी. मग पिशवीतनं भिंग काढलं आणि तिथंच ओट्यावर बसल्या. रुपेश आणि मी उभेच. कोंडाबाईला काही कळेना, ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा लेकीकडे.

"आई," बाई भिंगातून डोळा न काढता म्हणाल्या, "तू यात काय केलंस?"

"म्या काय करनार? तू सांगितलं तसं."

"नाही, नीट सांग. बाटल्या बदलताना काय केलंस?"

"आगं, पयली जी निघाली ती दिली सोडून. पल्याड चिंचंकडं नेऊन बोळा काढला, म्हनलं जावा. मागनं निघाली ती ठिवली. दुसऱ्या खेपंला बी तसंच." ती जरा बावरली. "तू सारखी म्हनायचीस न्हाई का, उशिराची माझी, उशिराची माझी. मंग म्या म्हनलं, घाई करनारी आपल्याला कशाला? चुकलं का काय?"

बाई उठल्या आणि आईला गच्च मिठी मारली. हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाचही बाटल्यांत बारीक केसांच्या माश्याच जास्त होत्या, तिनांत दोन, जशा असायला हव्यात तशा.

"सोड गं, पावणं बघत्यात," कोंडाबाई म्हणाली. पण तीही हसायला लागली होती. आम्ही तिथं जेवूनच निघालो. पिठलं, भाकरी, आणि कांदा इतका तिखट की रुपेशचं नाक लाल झालं.

तिथून पुढं कोंडाबाई या कामात भागीदारच झाली. बोरीत दर वेळी दोन बाटल्या राहायच्या. शेजारची साळुबाई विचारायला आली की ही झाकण उचलून दाखवायची, "ही आमच्या यशूची. लई सावकाश चालत्यात, पन पोचत्यात."

दिवाळीनंतर बाईंची पुण्याची वारी सुरू झाली. शनिवारी सकाळच्या गाडीनं जायच्या, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या बाटल्या. कंडक्टर ओळखीचे झाले. "बाई, आज किती प्रवासी?" असं विचारायचे.

बिघडलेलं जनुक शोधायचं काम रेंगाळलं. आधी ते कुठल्या गुणसूत्रावर आहे ते ठरवायचं, मग त्या गुणसूत्राच्या कुठल्या भागात, मग त्या भागातल्या कुठल्या तुकड्यात. प्रत्येक पायरीला नव्या जोड्या लावायच्या, पिल्लं मोजायची. एक तुकडा हातात आला असं वाटायचं आणि पुढच्या जोडीत तो निसटायचा. मधेच बाईंना मुलगी झाली, कल्याणी. चार महिने त्या जाऊ शकल्या नाहीत. तेव्हा प्राचीबाई स्वतःच एकदा मंचरला आल्या, बाळासाठी झबलं आणि बाईंसाठी जोड्यांचे निकाल घेऊन. तुटक बोलणारी ती बाई त्या दिवशी पोरीला मांडीवर घेऊन दोन तास गप्पा मारत बसली.

दोन हजार एकच्या सुरुवातीला उत्तर सापडलं. माशीच्या डीएनएत इकडून तिकडे उड्या मारणारे तुकडे असतात. त्यातला एक तुकडा कधीतरी, बहुधा आमच्याच तालुक्यातल्या कुठल्या तरी केळीच्या घडाजवळ, एका जनुकाच्या मधोमध जाऊन बसला होता. आणि ते जनुक रायबोसोमच्या प्रथिनाचंच होतं. या प्रथिनाचं बिघडलेलं जनुक माशीत तोवर कुणाला सापडलेलं नव्हतं.

"पण अजून एक गोष्ट राहिली," प्राचीबाई म्हणाल्या. "तुकडा तिथं बसलाय, एवढं आपल्याला दिसलं. उशीर त्याच्यामुळंच होतो हे दाखवायचं. या माश्यांना आपण त्या जनुकाची एक चांगली प्रत देऊ. बरोबर असू, तर त्या वेळेवर येतील."

ही प्रत द्यायची म्हणजे केसापेक्षा बारीक काचेच्या सुईनं अंड्यात टोचायची. शेकडो अंडी टोचली तेव्हा थोडी जगली, आणि त्यातल्या मोजक्यांनी ती प्रत पुढच्या पिढीला दिली. मग त्यांच्या उशिराच्या माश्यांशी जोड्या. पावसाळा उलटून गेला.

ज्या शनिवारी निकाल दिसणार होता त्या शनिवारी मला राहवेना. मीही बाईंबरोबर गेलो. कोंडाबाई पण आली, कारण कल्याणीला कुणीतरी सांभाळायला हवं होतं, असं ती म्हणाली. संस्थेच्या त्या चकचकीत खोलीत आम्ही दोघं एका बाकावर बसलो, पोर कोंडाबाईच्या मांडीवर झोपलेली.

प्राचीबाईंनी बाटली आणली. उशिराच्या आई-बापांची पिल्लं, पण त्यांना चांगली प्रत मिळालेली. "आज सकाळी निघालीत. साध्यांबरोबरच. एकाच दिवशी." त्यांनी ईथर दिला, माश्या कागदावर ओतल्या आणि बाजूला झाल्या. "यशोधरा, तू बघ."

बाई भिंगावर वाकल्या. खोलीतले सगळे, तिथली शिकणारी पोरंसुद्धा, काम सोडून उभे राहिले.

"केस," बाई म्हणाल्या. "मॅडम, केस पूर्ण आहेत. लांब आहेत! काळेभोर आहेत!" मग त्या माश्या कुंचल्यानं एकेक करून सरकवत गेल्या. "हीसुद्धा. हीसुद्धा. अहो, ही बघा!"

प्राचीबाईंनी पाहिलं आणि भर प्रयोगशाळेत टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. कल्याणी दचकून उठली आणि रडायला लागली. कोंडाबाई तिला थोपटत मला विचारू लागली, "पास झाली का हो आमची?"

"पास झाली, आजी. पहिल्या नंबरानं."

आणखी काही आठवड्यांत त्याहून मोठी गोष्ट झाली. दोन्ही प्रती बिघडलेली जी अंडी आजवर दर पिढीत मरत होती, त्यांच्यातूनही चांगल्या प्रतीच्या जोरावर माश्या निघाल्या. जरा सावकाश निघाल्या, पण उडाल्या. अशी माशी त्या ओळीत कधीच जगली नव्हती. बाईंनी हे मला लगेच फोन करून सांगितलं.

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत झाली. अशी परीक्षा कुणालाही ऐकायला बसता येतं, हे कळल्यावर आमच्याकडून जीपच भरून निघाली. रुपेश, कोंडाबाई, मी, कुंडलिक, आणि फेटा बांधून भिमाजी. शेवटच्या रांगेत आम्ही दाटीवाटीनं बसलो.

बाईंनी पाऊण तास सांगितलं. मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी, वयस्कर आणि मऊ बोलणाऱ्या गृहस्थांनी, प्रश्न विचारला. "दोन-तीन वर्षांपूर्वी रायबोसोमची रचना अणूअणूपर्यंत समोर आली. त्यात असं दिसलं की प्रथिनं जोडण्याचं मुख्य काम आरएनए करतो. प्रथिनं बरीचशी कडेकडेनं आहेत. मग मी तुम्हाला विचारतो, ही ऐंशी प्रथिनं तिथं करतात तरी काय?"

तो प्रश्न अवघड आहे एवढं मलाही कळलं. प्राचीबाई पुढच्या रांगेत अगदी ताठ बसल्या.

बाई एक पाऊल पुढे आल्या. "सर, जोडण्याचं काम आरएनए करतो, हे मला मान्य आहे. पण तो आरएनए म्हणजे हजारो दुव्यांची लांब साखळी. ती आपली आपण योग्य घडीत बसत नाही. ही प्रथिनं ठराविक क्रमानं तिच्यावर येऊन बसतात आणि तिला घडी घालत नेतात. काहींची लांब शेपटं थेट आतपर्यंत जाऊन ती घडी धरून ठेवतात. काही तयार प्रथिन बाहेर पडतं त्या वाटेच्या तोंडाशी असतात. काहींची कामं अजून कुणालाच ठाऊक नाहीत, मलाही नाहीत. पण त्यातलं एक, फक्त एक, मी निम्मं होताना पाहिलंय. बाकी सगळी जागेवर होती, आरएनए होता, तरी माझी माशी मागं राहिली. आणि ते एक परत दिलं तेव्हा ती वेळेवर आली. कडेला असणं म्हणजे बिनकामाचं असणं, असं माझ्या माश्या तरी म्हणत नाहीत."

परीक्षक हसले. चष्मा काढून पुसला. "माझे प्रश्न संपले," ते म्हणाले. "डॉक्टर वाव्हळ, अभिनंदन."

भिमाजी उभेच राहिले. त्या शांत सभागृहात त्यांचा आवाज घुमला, "आरं शाबास, चिलटाच्या बाई!" सगळे मागे वळून बघायला लागले. बाईंनी व्यासपीठावरून दोन्ही हात जोडले आणि मग त्यांनाच हसू आवरेना.

माश्यांमध्ये नवा बदल सापडला की त्याला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा असतो. बाहेर हिरवळीवर पेढे वाटताना प्राचीबाईंनी ही गोष्ट काढली. बाईंनी आईकडे पाहिलं.

"आई, तुझं नाव देते."

"चिलटाला? माझं?" कोंडाबाईनं पेढा तोंडाशीच थांबवला. "काय डोकं फिरलं काय तुझं? साळुबाई जन्मभर हासंल मला. गावाचं दे. गाव मोठं हाय, गावाला चालंल."

तसं त्या माशीचं नाव पडलं बोरी. आता ती बोरी परगावच्या प्रयोगशाळांतही राहते. त्याच वर्षी बंगळूरहून मागणी आली, मग कलकत्त्याहून, मग एकदा जपानहून. बाई प्रत्येक वेळी बाटल्या स्वतः भरायच्या, खोक्यात भुसा घालायच्या आणि वर मोठ्या अक्षरांत लिहायच्या: उन्हात ठेवू नये.

पदवी मिळाल्यानंतर पुण्याहून नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि नाही कळवलं. आमच्याच कॉलेजात त्यांनी पोरा-पोरींचा गट जमवला. पिंपळवंडीची यमुना चव्हाण, निरगुडसरचा आदेश, आणखी सहा-सात जण. प्रत्येकाकडे एकेक बाटली, प्रत्येकानं आपापल्या गावच्या उकिरड्यावरून, केळीच्या घडावरून, द्राक्षाच्या गोदामाबाहेरून पकडून आणलेली चिलटं. दोन हजार पाचच्या जूनमध्ये यमुनाला पुण्याला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. ती पेढे घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली आणि आधी माझ्या पाया पडायला वाकली.

"अगं, मी तुला काय शिकवलं?" मी म्हणालो. "बाईंकडे जा."

"गेले होते, सर. बाई म्हणाल्या, पाया नको पडू, पेढा दे. आणि एक बाटली हातात दिली. पुण्यात होस्टेलवर चालते का हो, विचारायला हवं."

तिनं बॅगेतून ती बाटली काढून मला दाखवली. आत नवी पिढी नुकतीच निघायला लागली होती.